ळसाठी मोठा एल

“वायफायचं कार्ड आहे, काका. पण ते बाहेरच्याकडे आहे, आतल्याकडे नाही.”

“म्हणजे? डबा एकच आहे ना?”

“डबा एक. संगणक दोन.”

पेठेकाकांनी चष्मा कपाळावर चढवला आणि टेबलावरच्या काळ्या डब्याकडे संशयाने पाहिलं. जेवणाच्या डब्याएवढा तो संगणक त्यांनी महिन्यापूर्वी मागवला होता. व्हिडिओ पाहून पाहून त्याच्यात एक व्हर्च्युअल मशीन उभं केलं होतं, म्हणजे खऱ्या संगणकाच्या पोटात चालणारा दुसरा, नसलेला संगणक. आणि त्या नसलेल्या संगणकाला घराच्या इंटरनेटचा पहारेकरी नेमलं होतं. फायरवॉल, राउटर, सगळं तोच. पंच्याहत्तराव्या वर्षी हे एकट्याने जमवणारा माणूस मी सांगलीत दुसरा पाहिलेला नाही. कौतुक म्हणून नाही, नोंद म्हणून सांगते आहे. वायर लावली की त्यांचं सगळं चालत होतं. वायफायपाशी मात्र ते तीन दिवस अडले होते, आणि म्हणून त्यांनी माझ्या दुकानात फोन केला होता.

“किल्ली मालकाच्या खिशात राहिली आहे,” मी म्हटलं. “वॉचमनला दिलीच नाही. तो बिचारा दार उघडणार कसं?”

“मग दे की काढून.”

“देते. पण हे कार्ड छोटं आहे. शेजारी एक साधा ॲक्सेस पॉइंट, म्हणजे नुसतं वायफाय सोडणारी डबी, लावली तर वायफाय जास्त चांगलं चालेल. वायर ओढली की काम झालं.”

“नाही. मला सगळं एकाच डब्यात हवं.”

“लोक दुकानातून राउटर आणतात,” काकू स्वयंपाकघरातून म्हणाल्या, “आणि तो चालतो. आमच्याकडे आधी शिकायचं, मग चालवायचं, मग बिघडवायचं.”

“तू तुझा कुकर बघ,” काका म्हणाले. मग माझ्याकडे वळून, “रविवारी माझा अमृतमहोत्सव आहे. साठ माणसं. केतकी येते आहे, जावई येताहेत, नात येते आहे. अमेरिकेतले फोन इथे आले की मुके होतात, वायफाय लागतंच. आणि मला ते पान हवंय. पाहुण्याने वायफाय जोडलं की आधी उघडतं ते.”

“स्वागतपान.”

“हां. त्यावर माझं चार ओळींचं निवेदन. खाली बटण. ते दाबलं की मग इंटरनेट. होतं ना यात?”

“होतं,” मी म्हटलं, आणि मला माझाच आवाज नेहमीपेक्षा एक पट्टी खाली गेलेला ऐकू आला.

विश्रामबागेतल्या त्या बंगल्यात मी पहिल्यांदाच पाऊल ठेवलं होतं. पूर्वी आम्ही आणि पेठे एकाच इमारतीत, समोरासमोर राहायचो. गेल्या चौदा वर्षांत त्यांच्याशी माझा संबंध रस्त्यात मान हलवण्यापलीकडे गेला नव्हता. त्यांचा फोन आला तेव्हा ताई म्हणाली होती, “दुसऱ्या कोणाला पाठव.” मी म्हटलं, दुसरं कोणी नाही. ते खरंही होतं, पण कारण ते नव्हतं. मला पेठेकाकांच्या हातचं, रोमन अक्षरांत टाइप केलेलं मराठी हवं होतं. चार ओळी पुरणार होत्या.

चौदा वर्षांपूर्वी ताईचं, म्हणजे सुनीतीचं, लग्न ठरत आलं होतं. मुलगा सलील दामले, अमेरिकेत नोकरीला. बघणं झालं, दोघं दोनदा भेटले, बैठकीची तारीख निघाली. आणि एका सकाळी सलीलने बाबांच्या नावाने एक ईमेल पुढे पाठवली. ते खातं मीच उघडून दिलेलं, त्यामुळे सायबर कॅफेत ती पहिल्यांदा मी वाचली. मी सतरा वर्षांची होते. वर सलीलची एक ओळ होती: हे खरं आहे का? खाली कोणा निनावी माणसाने त्याला लिहिलेलं पत्र. मराठी, पण इंग्रजी अक्षरांत. हळब्यांच्या थोरल्या मुलीला फिट्स येतात, घराणं चांगलं आहे पण ही गोष्ट लपवून ठेवलेली आहे, आपण सुज्ञ आहात.

ताईला फिट कधीच आली नव्हती. दहावीत असताना उपाशीपोटी ती एकदा जिन्यात चक्कर येऊन पडली होती. इमारतीतल्या दोनच माणसांनी ते पाहिलं. एक मी. दुसरे पेठेकाका, ज्यांनी तिला स्कूटरवर बसवून डॉक्टरांकडे नेलं होतं.

बाबा उत्तर लिहायला बसले तोवर दामल्यांचा नकार फोनवर आला. नंतरच्या दोन स्थळांनाही कुठून तरी ‘ते’ कळलंच. मग बाबा डॉक्टरांच्या दारोदार फिरले. नसलेल्या आजाराचं प्रमाणपत्र मागत. एका डॉक्टरांनी दया येऊन मेंदूचा आलेख काढून दिला, तो एका निळ्या फाइलमध्ये घालून बाबा प्रत्येक बैठकीला नेत. फाइल काढली की समोरच्यांचे चेहरे बदलत. आजार नसता तर फाइल कशाला, असं त्यांना वाटत असणार. तीन वर्षांनी ताईने ती फाइल बंबात घातली आणि सांगितलं की आता कोणी बघायला यायचं नाही.

नकारानंतर आठ महिन्यांनी पेठेकाका आमच्याकडे आले होते. पेढे आणले नव्हते, तेवढी रीत पाळली होती. “आमच्या केतकीला दामल्यांकडून विचारणा आली आहे,” ते बाबांना म्हणाले. “मला काही सुचत नाही. तुम्ही म्हणाल तर नको म्हणतो.” आणि बाबा म्हणाले, “अहो, नको कशाला? मुलगा चांगला आहे.”

संशय आमच्या घरात प्रत्येकाला होता. तो कोणी बोललं नाही, कारण पुरावा नव्हता. माझ्याकडे होता तो त्या ईमेलचा एक छापील कागद आणि त्यातली एक विचित्र गोष्ट. त्या पत्रात शब्दांच्या मध्येच मोठी अक्षरं होती. हळबे लिहिताना haLabe. पण लिहिताना paN. मला तेव्हा वाटलं, लिहिणाऱ्याला टाइप करता येत नसेल. पुढे संगणक शिकले तेव्हा समजलं की त्याला फार चांगलं येत होतं. मराठी फॉन्ट दुर्मीळ होते त्या काळात काही हौशी लोक रोमनमध्ये टाइप करून ते एका प्रोग्रॅममधून देवनागरीत बदलून घेत. त्या पद्धतीत ळसाठी मोठा एल असतो आणि णसाठी मोठा एन. बोटांना एकदा ते वळण लागलं की सुटत नाही. पेठेकाका बँकेच्या संगणक विभागातले. इमारतीच्या सगळ्या नोटिसा तेच काढायचे. पण त्या नोटिसा भिंतीवर लागायच्या त्या स्वच्छ देवनागरीत. त्याआधी त्यांच्या पडद्यावर काय असायचं ते कोणीच पाहिलेलं नव्हतं.

पत्राचा शेवट मला पाठ होता. kaLaave, lobh aahech, to vRuddhiMgat vhaavaa. कळावे, लोभ आहेच, तो वृद्धिंगत व्हावा. खाली, एक हितचिंतक. बाबांनी तो वाचून म्हटलं होतं, “लिहिणारा चांगल्या घरातला आहे. शेवट नीट केलाय.”

तर मी कामाला लागले. डब्याच्या मूळ सेटिंगमध्ये एक सोय बंद होती, ती चालू केली. वायफायचं कार्ड बाहेरच्या संगणकाकडून काढून आतल्याच्या नावावर केलं आणि डबा पुन्हा सुरू केला. आणि पडद्यावरून सगळंच नाहीसं झालं.

“घालवलंस?” काका म्हणाले.

“कार्ड एकटं यायला तयार नाही. शेजारचं वायरचं पोर्टही सोबत घेऊन आत गेलं. आता बाहेरचा संगणक आहे, पण आपल्याशी बोलायला त्याला तोंड नाही.”

“आमच्या केतकीच्या सासूसारखं,” काकू कॉफी ठेवत म्हणाल्या. “एकटी कधी आलीच नाही. येताना जाऊ घेऊन.”

मी डब्याला कीबोर्ड आणि पडदा थेट जोडून त्याला दुसऱ्या पोर्टावरून बोलायला लावलं. अर्धा तास गेला. काका मागे हात बांधून उभे होते आणि मी काय करते ते एका वहीत उतरवून घेत होते. काकू खुर्चीवर टेकल्या.

“सुनीती काय म्हणते, वैजू? अजून त्या शाळेतच?”

“मुख्याध्यापिका आहे.”

“बरं झालं बाई. मन रमतं.” मग आवाज खाली आणून, “आणि आता तब्येतीचा काही?”

“तिला तब्येतीचा त्रास कधीच नव्हता, काकू.”

“नाही गं, मी आपलं विचारलं.”

काकांचं पेन चालू राहिलं. त्यांनी वर पाहिलं नाही, पण पाहण्यासारखं काही वाटलंही नसावं. मला त्याच क्षणी शंका आली की हा माणूस ते विसरला आहे. लपवतो आहे असं नाही. साफ विसरला आहे.

कार्ड आतल्या संगणकाला दिसू लागलं. त्याला वायफाय द्यायचं काम नेमलं, जोडणाऱ्या प्रत्येक फोनला नेटवर्कमधला पत्ता द्यायची व्यवस्था लावली. माझ्या फोनला सिग्नल आला, पण इंटरनेट येईना.

“आता काय रुसलं?”

“रुसलं नाही. नवं दार उघडलं की फायरवॉल पहिल्यांदा त्यातून कोणालाच सोडत नाही. आपण नियम लिहून परवानगी द्यायची.”

“शहाणी आहे. माणसांनी शिकावं तिच्याकडून.”

मी नियम लिहिला. “पासवर्ड काय ठेवू?”

“नारळी पौर्णिमा. माझा जन्म नारळी पौर्णिमेचा.”

“स्पेलिंग सांगा.”

“एन, ए, ए, आर, ए,” काका म्हणाले, “मग एल. मोठा.”

माझी बोटं कीबोर्डवर होती. मी ती हलवली नाहीत.

“मोठा कशाला?”

“ळ आहे ना तो. लहान लिहिलास तर नारली होईल. आणि पौर्णिमेतला एन मोठा. बाणातला ण. पासवर्डला लहानमोठं इकडचं तिकडे चालत नाही, हे तूच सांगशील मला.”

“पाहुण्यांना जमेल का?”

“ज्याला मराठी येतं त्याला जमेल.”

मी टाइप केलं. naaraLeepaurNimaa. पुढे-मागे कोणी विचारलं तर एक शब्द म्हणजे पुरावा नव्हे, हे मी स्वतःला बजावलं. माझ्या कपाळावर घाम आला होता. काकूंनी पंखा वाढवला.

“आणि हे निवेदन,” काकांनी पेनड्राइव्ह पुढे केला. “माझा जुना कन्व्हर्टर या नव्या लॅपटॉपवर चालत नाही. मजकूर मी माझ्या पद्धतीने टाइप केलाय. तू त्याचं आपल्या अक्षरांत करून टाक.”

फाइल उघडली. चार म्हणता म्हणता अकरा ओळी झाल्या होत्या. आपले सर्वांचे स्वागत, वयाची पंचाहत्तरी, ईश्वरकृपा, आप्तेष्टांचे प्रेम. मध्ये मध्ये मोठे एल आणि मोठे एन, भाकरीतल्या खड्यांसारखे. मी सरळ शेवटच्या ओळीवर गेले.

kaLaave, lobh aahech, to vRuddhiMgat vhaavaa.

स्वल्पविराम तिथेच होते. वृद्धिंगतमधला आर मोठा, एम मोठा. आहेचच्या सुरुवातीला दोन ए. चौदा वर्षं पाठ असलेली ओळ मी अक्षर अक्षर जुळवून पाहिली, आणि एकही अक्षर इकडचं तिकडे नव्हतं.

“काही चुकलंय का?” काकांनी विचारलं.

“नाही. अगदी बरोबर आहे.”

त्या मजकुराची देवनागरी करायला मला एक मिनिट लागलं. स्वागतपानावर घालून मी माझ्या फोनवर उघडून पाहिलं. अक्षरं सुरेख उमटली होती. काका तेव्हा वहीत तारीख घालत होते. मी फोन पालथा ठेवला, देवनागरी मजकूर काढला आणि त्यांच्या फाइलीतला होता तसा पानावर चढवला.

“काका, मराठी अक्षरांच्या जागी चौकोन येताहेत.”

माझ्या कामात मी गिऱ्हाइकाशी खोटं बोलत नाही. त्या दिवशी बोलले. तेवढंच एक.

“मग?”

“करता येईल, पण फॉन्टचं काम आहे, वेळ लागेल. नाहीतर तुमचं मूळ आहे तसं ठेवू. वाचता येतं.”

मला वाटलं ते घाबरतील. निदान थबकतील. काकांनी माझ्या फोनवर ते पान पाहिलं, अंगठ्याने वर-खाली केलं आणि ते खुश झाले.

“राहू दे असंच. लोकांना कळू दे तरी, किती व्यवस्थित पद्धत आहे ती. रविवारी तू ये. बंद पडलं तर?”

“येते,” मी म्हटलं. मी तशीही आले असते.

रविवारी अकरा वाजता बंगल्याचा दिवाणखाना भरला होता. मी टेबलाशी, डब्याच्या शेजारी स्टुलावर बसले होते. येणारा जाणारा मला पासवर्ड विचारत होता आणि मी “एल मोठा, एन मोठा” सांगत होते. पान उघडलं की लोक हसून खालचं बटण दाबत. एक गृहस्थ म्हणाले, “पेठ्यांनी हे काय फारसी लिहिलंय?” कोणी शेवटपर्यंत वाचत नव्हतं.

मधोमध पाट मांडला होता, भोवती रांगोळी. पंच्याहत्तर कणकेचे दिवे दोन परातींत लावून काकू आणि त्यांची बहीण तेल घालत होत्या. केतकी ओवाळणार होती. तिला मी ओळखलं, केस आखूड झाले होते एवढंच. तिने माझ्याकडे पाहून ओळखीचं हसण्याचा प्रयत्न केला. ताई आणि ती एका बाकावर बसायच्या.

सलील दामले टेबलापाशी आला तेव्हा त्याच्या हातात फोन होता. मी त्याला एकदाच पाहिलेलं, आमच्या जुन्या घरी, कांदेपोहे खाताना. आता पोट सुटलं होतं, बोलणं मऊ होतं.

“वायफाय तुमच्याकडे, असं बाबा म्हणाले.”

मी पासवर्ड सांगितला. त्याने जोडलं. पान उघडलं. तोही हसला आणि त्याचा अंगठा बटणाकडे गेला. तिथे तो थांबला.

त्याने खिशातून चष्मा काढून लावला. पान वर सरकवलं, पहिल्यापासून वाचलं. पुन्हा शेवटाला आला. मी स्क्रीनकडे बघत बसले, जोडलेल्या फोनांची यादी वाढत होती.

“बाबा,” त्याने हाक मारली. “हे कोणी लिहिलंय?”

काका रेशमी झब्बा सावरत आले. “कोणी म्हणजे? मीच.”

“टाइपही तुम्हीच केलंत?”

“अक्षर न् अक्षर. वैजयंतीला म्हटलं, मूळ आहे तसं राहू दे. ब्याण्णव सालापासून मी याच पद्धतीने लिहितो.”

“इतरही लिहीत असतील.”

“सांगलीत? एक माणूस दाखवा.” काकांनी बोट वर केलं. शेजारचे दोघे-तिघे ऐकत होते, त्यांच्याकडे त्यांनी पाहिलं. “बँकेत चाळीस जणांना शिकवायला बसलो. एकाच्याने झालं नाही. सगळे आपले वाटेल तसं लिहिणारे. ळसाठी मोठा एल हवा, हे पटवता पटवता निवृत्त झालो.”

“एकही नाही?”

“एकही नाही!”

सलीलने मान हलवली. काकांना कोणीतरी पाटाकडे बोलावलं, ते गेले. मग तो माझ्याकडे वळला.

“तुम्ही हळबे ना?”

“सुनीतीची धाकटी बहीण.”

त्याने चष्मा काढून खिशात ठेवला.

“तुम्ही आमच्या बाबांना विचारलं होतं,” मी म्हटलं, “हे खरं आहे का म्हणून. उत्तर द्यायचं राहून गेलं होतं.”

त्याच्या चेहऱ्याचं मी वर्णन करत नाही, कारण मी तेव्हा त्याच्या हाताकडे पाहत होते. त्याने फोन बंद केला नाही, शेवटची ओळ उघडीच ठेवली.

पाटावरून काकांचा आवाज आला, “केतकी, चला, दिवे लागताहेत.”

केतकी नवऱ्याला बोलवायला आली. “चल ना सलील. फोटो काढायचेत.”

“हे वाच.”

“बाबांचं स्वागतपत्र ना? पाहिलं मी.”

“शेवटची ओळ वाच.”

तिने वाचली. तिलाही ती ओळ ओळखता आली. कशी, ते मला नंतर कळलं. लग्नानंतर सलीलने तिला ती निनावी मेल दाखवली होती आणि त्या दोघांनी, कोण असेल मेला असा लिहिणारा, म्हणून तर्क केले होते. मेल्याला शिव्याही घातल्या होत्या.

परातीतले दिवे एव्हाना सगळे पेटले होते. काकांनी पाटावर मांडी घातली, झब्ब्याची बाही नीट केली. कपाळावर कुंकू लावून झालं. पाहुण्यांनी फोन वर धरले. परात घेऊन केतकीच्या मावशी उभ्या होत्या, तिच्या हातात द्यायला.

“केतकी,” काकू म्हणाल्या, “अगं, ये की.”

केतकी टेबलापाशीच उभी राहिली. तिथूनच ती म्हणाली, मोठ्याने नाही, पण दिवाणखाना शांत झाला होता, “बाबा, सुनीतीला फिट्स येतात असं सलीलला कोणी लिहिलं होतं?”

“काय?” काका हसून म्हणाले. “आता हे काय मध्येच?”

“कोणी लिहिलं होतं?”

मी काकांकडे पाहत होते. आधी त्यांना खरोखरच आठवेना. मग आठवलं. ते कधी आठवलं तो क्षण मला दाखवता येईल: त्यांनी मुलीच्या हातातल्या फोनकडे पाहिलं, मग टेबलावरच्या डब्याकडे, आणि मग माझ्याकडे.

“अगं, किती जुनी गोष्ट,” ते म्हणाले.

“बाबा.”

“दिवे विझताहेत, केतकी. आधी ओवाळ. मग बोलू.”

“तुम्ही लिहिलंत?”

“तुझ्यासाठीच ना केलं!” काका एकदम चढ्या आवाजात म्हणाले. “कोणासाठी केलं मग? काय वाईट झालं तुझं? अं? काय वाईट झालं?”

काकूंनी डोळे मिटले. त्या एका गोष्टीवरून मला कळलं की त्यांना माहीत होतं.

मागच्या रांगेत कोणीतरी धरलेला फोन खाली घेतला. परातीतल्या कडेच्या दिव्यांचं तेल संपत आलं होतं, ते एकेक करून जाऊ लागले. मावशी परात घेऊन तशाच उभ्या होत्या, जड झाली असणार, पण ठेवायची कुठे हे त्यांना सुचत नव्हतं. केतकीने मुलीचा हात धरला आणि ती आतल्या खोलीत गेली. सलील तिच्यामागे गेला. दहा मिनिटांनी ती तिघं बॅगा घेऊन समोरच्या दाराने बाहेर पडली. काका तोवर पाटावरच होते. उठावं की नाही हे त्यांना ठरवता येत नव्हतं, कारण ओवाळणं व्हायचं होतं.

मी माझी बॅग भरली. जाताना त्यांच्यासमोरून जावं लागलं.

“ते चौकोन येत नव्हते,” ते माझ्याकडे न बघता म्हणाले. “हो ना?”

“नव्हते.”

“मग बदललं का नाहीस?”

“तुमचं अक्षर होतं, काका.”

पुढे त्या घरात काय झालं त्यातलं बरंचसं मला ऐकीव माहीत आहे, म्हणून ते लिहीत नाही. नक्की माहीत आहे ते इतकंच की केतकी पुढच्या वर्षी आली नाही, आणि त्याच्या पुढच्या वर्षीही नाही.

घरी पोचले तेव्हा दोन वाजले होते. ताई खिडकीशी बसून पेपर तपासत होती. जेवायची थांबली होती. मी पाणी प्यायले आणि उभ्यानेच तिला सांगितलं, तीन-चार वाक्यांत. तिला न विचारता केलं, हेही सांगितलं. चौदा वर्षं तिच्या तोंडून मी एकच ऐकत आले होते, की झालं ते झालं, आपण त्यांच्यासारखं व्हायचं नाही. तेव्हा बोलणी खायची तयारी ठेवूनच मी बोलत होते.

ताईने हातातल्या पेपरवर गुण मांडले, लाल पेनाला टोपण लावलं. उठून तिने दाराला कडी घातली, शेजारच्यांना आवाज जाऊ नये म्हणून खिडकी लावली आणि माझ्यासमोर खुर्ची ओढून बसली. तिच्या गालावर रंग चढला होता. तसा मी तो फार वर्षांत पाहिला नव्हता.

“बस खाली,” ती म्हणाली. “पहिल्यापासून सांग. काही गाळू नकोस.”